बिनशिवणीचा स्वेटर

मी संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. दूधवाल्याने भांडं उलटं करून दाखवल्याशिवाय मी त्याचं दूध कधी घेतलं नाही. आमचे हे कारखान्यातून उशिरा आले आणि बस चुकली म्हणाले, तर बस खरंच चुकली होती हे दुसऱ्या कुणाकडून कळेपर्यंत मला चैन पडायचं नाही. लग्न होऊन मी पुण्याहून बंगळूरला आले ती एकोणीसशे पंचावन्न साली, आणि मल्लेश्वरमच्या त्या घरात माझ्याहूनही संशयी माणूस आधीच बसलेला होता. ते माझे सासरे, दामोदरपंत. आम्ही दोघांनी मिळून एका बाईचं काय केलं ते सांगायला बसले आहे.

त्या बाई म्हणजे अनुसूयाआत्या. मामंजींची धाकटी बहीण, माझ्या आतेसासूबाई. विसाव्या वर्षी नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, भावाने घरी आणलं ते कायमचं. मामंजींना बंगळूरला नोकरी लागली तशा त्याही मागोमाग आल्या. पुढे सासूबाई गेल्या आणि घरची चूल आत्याबाईंकडे आली. मी आले तेव्हा त्या पन्नाशीला टेकल्या होत्या. अंगाने वाळकुड्या, विधवा म्हणून केशवपन झालेलं, बोलणं अगदी मोजकं, पण हात कधी रिकामे दिसायचे नाहीत. दुपारी मागच्या पडवीत भिंतीला टेकून विणत बसायच्या. गल्लीत कुणाकडे बाळ झालं की आत्याबाईंचं टोपडं आधी पोचायचं, मग बारशाचं बोलावणं यायचं. यांचे कॉलेजातले दोन स्वेटर त्यांनीच विणलेले होते. स्वतःसाठी मात्र त्यांनी कधी एक टाका घातला नव्हता.

विणकाम त्यांना शेजारच्या भाग्यलक्ष्मीअक्कांनी शिकवलं. अक्कांचं घराणं तीनशे वर्षांमागे इकडे आलेलं, मराठी त्यांचं घरचंच, पण निम्मं कानडी मिसळलेलं. लढाईच्या वर्षांत शहरातल्या बायकांकडून सैनिकांसाठी मोजे विणून घेत, तेव्हा अक्का विणायला शिकल्या होत्या. आत्याबाईंना काही अडलं की भिंतीवरून हाक मारायच्या आणि पलीकडून "स्वल्प थांबा, आलेच" असं उत्तर यायचं.

आता सोवळ्याचं सांगते, कारण सगळं घोडं तिथेच अडलं. मामंजी जेवायचे ते फक्त आत्याबाईंच्या हातचं, सोवळ्यातलं. पहाटे आंघोळ करायची, आदल्या दिवशी काठीने उंच दांडीवर वाळत टाकलेलं लुगडं काठीनेच खाली घ्यायचं आणि नेसून चुलीपुढे बसायचं. सोवळ्यात शिवलेलं कापड चालत नाही. चोळी नाही, पोलकं नाही. दोन्ही हात खांद्यापासून उघडे. मार्गशीर्षात बंगळूरला पहाटे धुकं असतं, कधी भुरभूर असते, लुगडं वाळत नाही, आणि मग ते तसंच दमट गुंडाळायचं. मी पोलक्यावर स्वेटर चढवून उंबऱ्याबाहेर भाजी चिरत बसायची आणि आतून त्यांच्या दातांचा आवाज ऐकायची.

उंबऱ्याबाहेर का, तर मला आत मज्जाव होता. "सूनबाईच्या सोवळ्याची मला खात्री वाटत नाही," असं मामंजी माझ्यादेखत म्हणाले होते. माझ्या माहेरी मी वीस माणसांचा स्वयंपाक एकटीने केलेला, आणि इथे मला वरणाच्या पातेल्याला हात लावायची चोरी. मला राग यायचा. तो मामंजींवर काढता येत नव्हता म्हणून आत्याबाईंवर निघायचा, आता लपवून काय करू?

सत्तावन्न साली आत्याबाईंचा दमा वाढला. डॉक्टरांनी सांगितलं, पहाटे छातीला आणि हातांना गार लागता कामा नये, अंगात गरम घाला, नाहीतर एक दिवस हा दमा जिवावर बेतेल. मामंजींनी विचार केला आणि म्हणाले, "मग अनू, तू चूल सोड. आचारी बघू." बहिणीची काळजी होती त्यांना, नव्हती असं मी म्हणणार नाही. पण आत्याबाईंचा चेहरा त्या दिवशी पाहिला असतात तर कळलं असतं. संध्याकाळी वाती वळताना त्या मला म्हणाल्या, "प्रमोदिनी, चूल सुटली तर या घरात मी कोण गं? आणि मार्गशीर्षात आमच्या वडिलांचं श्राद्ध. पिंड काही मला देता येत नाहीत. त्यांच्यासाठी माझ्याच्याने होतं ते एवढंच, त्या दिवशीचा स्वयंपाक. तीस वर्षं करते आहे." मी नुसतं हूं म्हटलं. आपली पाळी येणार असं माझ्या मनात येऊन गेलं.

आत्याबाईंनी मामंजींकडून श्राद्धापर्यंतची मुदत मागून घेतली. लोकर सोवळ्याला चालते, त्यामुळे त्यांच्याकडे एक जुनी धाबळी होती, लोकरीची, अंगावर गुंडाळायची. पण ती भाकरी थापताना खांद्यावरून घसरायची, आणि एकदा तिचा काठ चुलीत जाऊन जळाला होता. धाबळीचा उपयोग नाही हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही.

मग भाद्रपदापासून एकेक विचित्र गोष्ट सुरू झाली. कल्लाप्पा नावाचा घोंगडीवाला वर्षातून एकदा गल्लीत यायचा, तो महिन्यात तीनदा आला, आणि तिन्ही वेळा मागच्या दाराशी. आत्याबाई त्याच्याशी हलक्या आवाजात कानडीत बोलायच्या. मी गेले की गप्प. माझ्या मनात पाल चुकचुकली. दोन दिवसांनी मागच्या अंगणात केस जळल्याचा वास आला. ज्या घरात एका बाईच्या डोक्यावर केसच नाहीत, तिथे केस कुणाचे जळतात? मी माझ्या फणीतले केस मोजायला लागले. खरं सांगते, करणीपर्यंत माझी मजल गेली होती. उशीखाली लिंबू सापडतंय का म्हणून मी आठवडाभर गादी झटकत होते.

त्यात आमचे हे एका संध्याकाळी सायकलच्या चाकाच्या काड्या घेऊन आले. चार होत्या, दोन्ही टोकं कानशीने घासून निमुळती केलेली. "कशाला हव्यात?" तर म्हणे, "आत्याला हव्यात." "कशाला पण?" "मला काय माहीत, तिने मागितल्या." नवऱ्याने ताकास तूर लागू दिली नाही म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय हे आलंच.

शेवटी एका दुपारी मी झोपल्याचं सोंग केलं आणि अनवाणी पडवीत गेले. आत्याबाई बसल्या होत्या, मांडीवर काळपट तपकिरी काहीतरी गोळा, त्यात त्या चार काड्या चौकोनासारख्या अडकवलेल्या, आणि पाचव्या सुईने त्या गोल गोल विणत चालल्या होत्या. शेजारी पणती पेटलेली. लोकरीचा एक तुकडा त्यांनी ज्योतीवर धरला, तो चुरचुरून काळा झाला, तसा त्यांनी चिमटीत चुरगाळला आणि नाकाशी नेला.

"आत्याबाई, हे काय चाललंय?"

त्या दचकल्या, पण लपवलं नाही. मला जवळ बसवून घेतलं. "बाजारच्या लोकरीचा मला भरवसा नाही," त्या म्हणाल्या. "हल्ली नायलॉन घालतात. नायलॉन जळलं की त्याचा मणी होतो. अस्सल लोकर असली की केसासारखा वास येतो आणि राख होते. ही कल्लाप्पाच्या बायकोने घरी कातलेली आहे, तरी प्रत्येक लड मी जाळून बघते." म्हणजे माझ्या करणीचा उगम हा.

मग त्यांनी मला त्यांचं गुपित सांगितलं, आणि सांगताना त्यांचा चेहरा एखाद्या मुलीसारखा झाला होता. भाग्यलक्ष्मीअक्का एकदा मोजा विणत होत्या. आत्याबाई नुसत्या बघत होत्या आणि एकदम त्यांच्या डोक्यात आलं की मोज्याला कुठे शिवण नसते. गोल विणत जातात. मग स्वेटर तसा का नाही? नेहमीचा स्वेटर म्हणजे पाठ वेगळी, पुढचा भाग वेगळा, बाह्या वेगळ्या, आणि सगळं शेवटी शिवायचं, म्हणून तो सोवळ्याला चालत नाही. पण गळ्यापासून टाके घालून गोल गोल खाली विणत आलं, खांद्यावर टाके वाढवले, बाह्यांचे टाके दोऱ्यावर बाजूला ठेवून अंग पुरं केलं आणि मग तेच टाके उचलून बाह्या विणल्या, तर शिवायला काही उरतच नाही. अस्सल लोकर, स्वतः विणलेली, आणि एकही शिवण नाही. सोवळ्याने हरकत घ्यावी असं काय राहिलं?

"स्वतःसाठी विणताना हात कसा चालतो बघ," त्या म्हणाल्या. "सारखी चूक होते. दुसऱ्याचं माप डोळ्यांना दिसतं, आपलं दिसतच नाही."

मी त्यांना मानायला हवं होतं. एवढी अक्कल त्या घरात दुसऱ्या कुणाला नव्हती. पण मी काय केलं, तर दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या तोंडाकडे बघत बसले. एक लड संपून दुसरी जोडताना त्या दोन्ही टोकं पिंजून, ओली करून तळहातावर चोळायच्या, म्हणजे गाठ न मारता धागा एक व्हायचा. टोकं ओली करायला पाणी वापरतात की जीभ? जीभ लावली तर सगळा स्वेटर उष्टा. मी तीन दिवस पाळत ठेवली. वाटीत पाणी असायचं. तरी माझ्या मनात यायचं, मी नसताना काय करत असतील कोण जाणे.

तीन महिने लागले. श्राद्धाच्या आदल्या दिवशी सकाळी आत्याबाईंनी तो स्वेटर धुऊन, वाळवून, ताटात ठेवून मामंजींपुढे आणला. बाह्या कोपरापर्यंत, गळा बंद, रंग घोंगडीसारखा. लोकर भरड होती, अंगाला टोचणारच.

"दादा, ही अस्सल लोकर आहे आणि याला शिवण नाही," त्या म्हणाल्या. "उद्या वडिलांचा स्वयंपाक मी हा घालून करू का?"

मामंजींनी चष्मा लावला आणि दुरूनच स्वेटरकडे पाहिलं. शिवण नसलेलं बाह्यांचं वस्त्र त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. आमचे हे कारखान्याला निघाले होते, ते जाता जाता म्हणाले, "बाबा, जोडकाम नाही त्यात, ओतीव आहे." मामंजी म्हणाले, "तुझं कारखान्यातलं ज्ञान कारखान्यात." हे हसत निघून गेले. पुढे कधी आम्ही भांडलो की मी त्यांना म्हणायची, तुम्ही त्या दिवशी थांबायला हवं होतंत.

"सूनबाई," मामंजी मला म्हणाले, "तुझ्याकडे शिवणयंत्र आहे. शिवण तुला कळते. बघ आणि सांग."

मी स्वेटर उलटा केला. बाजूंवरून बोटं फिरवली, खांद्यांवरून फिरवली. कुठे काही नाही. मग काखेत हात घातला. तिथे, जिथे बाहीचे टाके उचलले होते, तिथे बोटांना एक जाडसर रेघ लागली. मी शिवणकाम शिकलेली बाई. जाड रेघ म्हणजे शिवण, एवढंच माझ्या बोटांना ठाऊक.

"इथे काहीतरी आहे," मी म्हटलं.

"ते उचललेले टाके गं," आत्याबाई म्हणाल्या. "तिथे दुहेरी होतं. मी तुला सांगितलं होतं ना? तू बघितलंस ना मला विणताना?"

बघितलं होतं. इतके दिवस डोळ्यांत तेल घालून बघितलं होतं, त्यांच्या हातात शिवायची सुई एकदाही दिसली नव्हती. त्या माझ्याकडे बघत होत्या. मामंजी माझ्याकडे बघत होते. त्या घरात आल्यापासून माझ्या शब्दाला पहिल्यांदाच काही किंमत आली होती. शिवण नाही म्हणायला मला काय धाड भरली होती? पण चुलीचा विचार आला. आणि खरंच, मनाच्या एका कोपऱ्यात शंकाही होती, मी झोपलेली असताना काही केलं असेल तर?

"नक्की सांगता येत नाही, मामंजी," मी म्हटलं.

मामंजींनी चष्मा काढला. "शंका आली म्हणजे संपलं. अनू, हट्ट करू नकोस. उद्याला आचारी सांगतो."

आत्याबाई खाली बसल्या, स्वेटर मांडीवर घेतला, एका बाहीच्या टोकाचा शेवटचा टाका शोधला आणि सोडवला. मग धागा ओढला.

मला आधी कळलंच नाही त्या काय करताहेत. बाही फिरत फिरत उसवायला लागली. शिवण असती तर धागा तिथे अडला असता, हे मलाही समजत होतं. भरड लोकरीचे टाके एकमेकांना धरून बसलेले, मधूनमधून अडकायचे, तेव्हा मामंजी पुढे वाकायचे. आत्याबाई नखाने लोकरीचे केस मोकळे करायच्या आणि धागा पुन्हा धावायचा. पहिली बाही काखेपर्यंत गेली. जिथे मला रेघ लागली होती तिथून धागा सरळ निसटला. दुसरी बाही गेली. मग खालच्या काठापासून अंग.

"पुरे, अनू," मामंजी म्हणाले. "पटलं मला."

"अर्ध्यावर थांबले तर उरलेल्यात आहे म्हणाल, दादा," आत्याबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. मीही म्हटलं, "आत्याबाई, राहू दे आता, मीही बघितलं." त्यांनी मान वर केली नाही. छाती, पाठ, खांदे, सगळं गेलं. तासभर तरी लागला असेल. शेवटी गळ्याचे टाके सुटले आणि त्यांच्या पुढ्यात तपकिरी कुरळ्या लोकरीचा हा एवढा ढीग उरला. कुठेही शिवणीचा दोरा नव्हता.

"शुद्ध होता," मामंजी म्हणाले. मग उठता उठता, "उद्याचा स्वयंपाक तूच कर."

दुसऱ्या दिवशी धुकं होतं. आत्याबाई पहाटे चारला उठल्या, ओलं लुगडं नेसल्या आणि उघड्या हातांनी वडिलांच्या श्राद्धाचा स्वयंपाक केला. वडे, खीर, दोन भाज्या, कोशिंबिरी, सगळं. मी उंबऱ्याबाहेर बसले होते. खोकल्याची उबळ आली की त्या चुलीपासून बाजूला वळून पदरात तोंड धरायच्या. ब्राह्मण तृप्त होऊन गेले. रात्री त्यांना ताप भरला.

त्या गेल्या नाहीत. पुढे सात वर्षं जगल्या, चौसष्ट साली गेल्या. पण महिनाभर अंथरुणावर होत्या आणि नंतर त्यांच्याने पहाटेचं उठणं झालं नाही. ती लोकर त्यांनी भाग्यलक्ष्मीअक्कांना देऊन टाकली. मी कितीदा म्हटलं, पुन्हा विणा, मी कल्लाप्पाकडून नवी आणते. "विणायला काय गं," त्या म्हणायच्या, "विणेन. पण मग पुन्हा बघाल तुम्ही." टोपडी विणत राहिल्या, दुसऱ्यांच्या बाळांची.

श्राद्धानंतरच्या सकाळची गोष्ट. आचारी काही ऐन वेळी मिळेना. मामंजी देवघरातून म्हणाले, "सूनबाई, आज तू बघ." दोन वर्षं मी ज्याची वाट बघत होते ते झालं. मी आंघोळ केली, दांडीवरचं लुगडं काठीने काढलं. ते बर्फासारखं गार होतं. आता पोलकं काढायचं आणि ते गुंडाळायचं. मी हात लावला आणि माझ्याने होईना. दोन मिनिटं उभी राहिले. मग मी लुगडं परत दांडीवर टाकलं, कोरडं पातळ नेसले, पोलकं तसंच ठेवलं, वरून यांचा जुना स्वेटर चढवला, आत्याबाईंनीच विणलेला, चारी बाजूंनी शिवलेला, आणि चुलीपुढे जाऊन बसले.

दहा वाजता मामंजी पाटावर येऊन बसले. मी वाढायला गेले. त्यांनी माझ्या बाहीकडे पाहिलं. चांगलं पाहिलं. मला वाटलं, आता ताट सारून उठतील. त्यांनी खाली मान घातली, चित्राहुती घातली आणि जेवायला लागले. एकदा वरण मागून घेतलं. मला त्यांनी काहीही विचारलं नाही, त्या दिवशी नाही आणि पुढे कधीही नाही.

मी भांडी आवरून मधल्या खोलीत गेले. आत्याबाई भिंतीकडे तोंड करून निजल्या होत्या. माझी चाहूल लागली तशा वळल्या.

"दादा जेवले?"

"जेवले."

"सोवळ्यात केलंस ना?"

मी स्वेटर बाहेरच काढून ठेवला होता. "हो," मी म्हटलं.

त्यांना बरं वाटलेलं दिसलं. त्यांनी पांघरुणातून हात बाहेर काढला, माझा दंड चाचपला आणि म्हणाल्या, "फार थंडी वाजली असेल गं तुला."

"नाही वाजली, आत्याबाई," मी म्हटलं. तेवढं एक मी त्यांच्याशी खरं बोलले.